दुपारचे ठोके

दादाला कुणी काही भेट दिलं की तो आधी ते उलटं करून बघतो. ही लाँड्रीवाल्याची सवय. गिऱ्हाइकाने कपडा टाकला की कॉलर, काख, खिसा, शिवण सगळं उलटून बघायचं, डाग त्यांचा की आपला हे तिथल्या तिथे ठरवून टाकायचं, म्हणजे मागाहून कटकट नको. चिंगीने वाढदिवसाचा म्हणून तो मनगटी पट्टा त्याच्या हातावर ठेवला, तेव्हाही त्याने तो उलटा केला. आतल्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे काय बघतंय माझ्याकडे?" दादाने विचारलं.

"तुमचं काळीज," चिंगी म्हणाली.

चिंगी माझी भाची, दादाची एकुलती एक लेक. दुसऱ्या शहरात एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची नोकरी करते. दिवसभर परक्यांचं वाट्टेल ते गोड आवाजात ऐकायचं, त्यामुळे तिच्याजवळ जो कडकपणा शिल्लक राहतो तो सगळा बापाच्या नावावर जमा होतो. आणि गेल्या वर्षीपासून तर तिला कारणच मिळालं होतं. दादाला इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या छातीत कळ आली, दवाखान्यात न्यावं लागलं, नसेत नळी बसवली. माणूस ठणठणीत होऊन घरी आला आणि आल्या आल्या त्याने विचारलं, तो राखाडी कोट कुणी दाबला, बाहीला चमक आलीय.

तेव्हापासून चिंगीचं एकच पालुपद होतं. बाबा, टेबल सोडा. कारागीर आहे, त्याला करू द्या, तुम्ही गल्ल्यावर बसा. दादाचं म्हणणं, चादरी आणि गणवेश कारागीर दाबेल, पण कोट, रेशीम आणि चुण्यांचे झगे हे दुपारचं बारीक काम दुसऱ्या कुणाच्या हाताने होत नाही. हे खरंही आहे. माझी आख्खी नोकरी एका गोदामात हिशेब लिहिण्यात गेली. आता निवृत्तीनंतर भावाच्या दुकानात वह्या सांभाळते, तेव्हा कोण किती कामाचा आणि कोण नुसता जागा अडवतो हे मला चटकन कळतं. दादा दुपारी टेबलाशी नसला, तर आमचं दुकान म्हणजे चादरी धुणारी नुसती एक खोली.

मग त्या दिवशी बापलेकीत करार झाला. पट्टा जोवर ठीक म्हणतोय तोवर दादाने टेबलाशी उभं राहायचं. ज्या दिवशी पट्टा नाही म्हणेल, त्या दिवशी इस्त्री खाली ठेवायची, वाद नाही. जावई साक्षीदार. जावई तसा गरीब स्वभावाचा, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याला खर्च वाटतो. दादाचा त्याच्यावर एकच राग, तो म्हणजे त्याचे शर्ट. ज्यांना इस्त्रीच लागत नाही अशा कापडाचे शर्ट तो घालतो. लाँड्रीवाल्याच्या घरी असा जावई, म्हणजे हलवायाच्या घरी गोड वर्ज्य असलेला पाहुणा. दादा करार मान्य करून मोकळा झाला. ज्याला तोंड नाही ते नाही कसं म्हणणार, असा त्याचा हिशेब होता.

पट्टा चालू करायला अर्धी सकाळ गेली. आधी दादाचा फोन शोधला. तो गल्ल्याच्या खणात असतो आणि वाजला की वहिनीच उचलते. मग फोन पट्ट्याला ओळखेना. मग ओळखलं तर त्याला माहिती हवी. जन्मतारीख दादाने सांगितली. वजन विचारलं तेव्हा त्याने लग्नातलं सांगितलं. वहिनी गल्ल्यामागे स्टुलावर बसून कपड्यांना नंबरचे टॅग शिवत होती, तिने मान वर न करता दुरुस्ती केली. उंचीला दादा थोडा वर सरकला, तीही तिने खाली आणली. मग पट्ट्याने विचारलं, तुमचं उद्दिष्ट काय. यावर दादाने पट्टा पुन्हा एकदा उलटा करून बघितला. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "लिही, दुकान." पट्ट्याच्या यादीत दुकान नव्हतं. चिंगीने 'निरोगी हृदय' वर बोट ठेवलं आणि विषय मिटवला.

जाताना ती बजावून गेली. पट्टा रात्रंदिवस हातात हवा, फक्त आंघोळीनंतर थोडा वेळ चार्जिंगला. आणि इथले ठोके मला तिकडे माझ्या फोनवर दिसणार, तेव्हा लबाडी नको.

अडचण अशी की आमच्या दुकानात टेबलाशी मनगट मोकळं लागतं. हा नियम आमच्या वडिलांचा. त्यांच्या घड्याळाच्या बक्कलाने एकदा एका नवरीच्या रेशमी झग्याचा धागा ओढला गेला, आणि त्याच आठवड्यात वाफ पट्ट्याखाली शिरून त्यांच्या मनगटावर फोड आला. एका घड्याळाने दोनदा नुकसान केलं म्हटल्यावर त्यांनी टेबलाशेजारी भिंतीत एक खिळा ठोकला. टेबलाशी येणाऱ्याने घड्याळ, अंगठी, दोरा, जे असेल ते खिळ्याला लावायचं आणि मग इस्त्रीला हात घालायचा. वडील गेले, खिळा आहे. कारागीर नवा लागला की दादा त्याला पगार सांगायच्या आधी खिळा दाखवतो.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने पट्टा काढला, खिळ्याला लावला आणि कोट पसरला. तो कोट होईपर्यंत शेजारचा किल्लीवाला धापा टाकत आत आला आणि दारातूनच म्हणाला, "दादा, आहात ना?"

"आहे म्हणजे?"

"तुमच्या चिंगीचा फोन आला. म्हणाली, बाबांचे ठोके बंद झालेत, जाऊन बघा."

खणातला फोनही वाजून वाजून थकला होता, कारण वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि मी बँकेत गेले होते. मग दादाला लेकीला पटवून द्यावं लागलं की तो जिवंत आहे आणि खिळ्याला ठोके नसतात. चिंगी म्हणाली, ते मला कळतं, पण तेवढ्या वेळात माझं काय झालं ते तुम्हाला कळणार नाही. पट्टा काढायचा नाही, म्हणजे नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा पट्टा हातात घेऊन टेबल आणि गल्ला यांच्या मधोमध उभा होता. एकीकडे बापाचा खिळा, एकीकडे लेकीचा हुकूम. आधी तो माझ्याकडे आला. "छोटी, जरा हात पुढे कर." साठी उलटली तरी मी त्याची छोटीच. मी हात मागे घेतला. म्हटलं, माझे ठोके माझ्यापाशीच राहू देत, मला पुतण्या-भाच्यांत जाहिरात नको. मग तो वहिनीकडे वळला. वहिनीने काही न विचारता डावं मनगट पुढे केलं. तिला कुणी काही मागितलं की ती आधी देते, आणि कशाला हवं होतं ते नंतर विचारते, किंवा विचारतही नाही.

पट्टा बांधताना दादाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघण्यासारखा होता. नियम पाळला गेला, लेक गप्प राहिली, आणि वर एक फायदा आणखी. वहिनी दुपारभर टॅग शिवत बसलेली असते. चिंगीला वाटेल, बाबा आराम करतात. एका दगडात दोन नाही, तीन पक्षी. आणि वहिनीच्या तब्येतीला काय धाड भरली होती? असं तो म्हणाला. आम्हा सगळ्यांचं मत तेच होतं.

वहिनीबद्दल मला थोडं सांगायला हवं. घरातल्या दुखण्यांची वही कुणी ठेवली असती, तर दादाचं पान दोन्ही बाजूंनी भरलं असतं, माझ्या गुडघ्यांना पुरवणी जोडावी लागली असती, आणि वहिनीचं पान कोरं असतं. ती आजारी पडायची नाही असं नाही. पण ताप आला तर ती त्याला नको असलेल्या पाहुण्यासारखं वागवायची, बसही म्हणायची नाही, मग तोच कंटाळून निघून जायचा. ओल्या कपड्यांचा गठ्ठा कमरेवर घेऊन ती दिवसातून कितीदा गच्चीचा जिना चढायची. अलीकडे मधल्या वळणावर थांबायची, गठ्ठा कठड्यावर टेकवायची आणि टॅग चाळत उभी राहायची. मला वाटायचं, बघा, ही बाई जिन्यातला वेळही फुकट जाऊ देत नाही. कारागिराला मी तिचं उदाहरणही देत असे.

तर अशी पट्ट्याची पाळी सुरू झाली. सकाळी आणि रात्री दादा, दुपारी वहिनी. संध्याकाळी दिवे लागले की दादा टेबलावरून हात पुसत यायचा आणि म्हणायचा, "आण, ड्यूटी बदलली." वहिनी काढून द्यायची, पण जरा सावकाश. तिला तो आवडू लागला होता. फार वेळ बसलं की पट्टा मनगटाला गुदगुल्या करायचा आणि म्हणायचा, उठा, थोडं चाला. वहिनी सुई खोचून लगेच उठायची आणि गल्ल्यामागे हँगरच्या रांगेपाशी फेऱ्या मारायची. गिऱ्हाईक समोर असलं तरी. एकदा पट्ट्याने सांगितलं, आता शांत बसा आणि सावकाश श्वास घ्या. तिने डोळे मिटून श्वास घेतला. डोळे उघडल्यावर माझ्याकडे बघून हसली.

"वन्सं, या घरात मला बस म्हणणारं आणि श्वास घे म्हणणारं हे पहिलंच माणूस," ती म्हणाली.

"ते माणूस नाही."

"म्हणून तर म्हणत असेल."

चिंगी तिकडून खूश. रात्री फोन करून बापाचं कौतुक करायची. बाबा, दुपारी किती छान शांत बसता तुम्ही, आणि मधेच उठून चालताही. आई तुम्हाला आठवण करते का? दादा निर्लज्जपणे हो म्हणायचा. दुसऱ्याच्या नावावरचं व्याज खाताना माणसाचा चेहरा कसा दिसतो ते मला आयुष्यभराच्या नोकरीत इतक्या स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. वहिनी शेजारी बसून भाजी निवडत असायची आणि तिला या कौतुकातला एक दाणाही नको असायचा.

फोनवर अधूनमधून बारीक अक्षरांत काही तरी यायचं. वहिनी ते बोटाने बाजूला सारायची. फोनवर येणाऱ्या दहा गोष्टींपैकी नऊ जाहिराती असतात आणि दहावी कुणाचं तरी सुप्रभात असतं, असा तिचा अनुभव. शिवाय तिचा चष्मा टॅगसाठी होता, फोनसाठी नव्हता.

मग एका दुपारी, न कळवता, चिंगी नवऱ्याला घेऊन दुकानाच्या दारात उभी.

तिचा चेहरा बघून मला कळलं की हा मुक्काम सुखाचा नाही. वहिनीलाही कळलं, पण तिची अडचण वेगळी होती. पट्टा तिच्या हातात होता. समोर कुणाचा तरी कोट पडला होता, तिने डावा हात सरळ त्याच्या बाहीत घातला आणि अस्तर तपासत असल्यासारखी बसून राहिली. चिंगी तिच्याकडे न बघता सरळ टेबलाशी गेली. तिने बापाचं मोकळं मनगट बघितलं.

"चार्जिंगला लावलाय," दादा म्हणाला.

"बाबा, पट्ट्याने इशारा दिलाय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तुमचे ठोके अनियमित पडतायत. उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतलीय."

ती आवाज न चढवता बोलली, म्हणजे ती घाबरली होती. टेबल सोडा असंही म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती, करार झाला होता आणि साक्षीदार मागे उभा होता.

दादाने काही विचारलं नाही. इशारा कधीचा, कसला, काही नाही. पट्टा रात्री त्याच्याच हातात असे, सकाळी त्याच्याच हातात असे. त्याने इशारा आपला म्हणून मानला. तो टेबलाकडे गेला, इस्त्री बंद केली आणि तिच्या टाकीतलं पाणी बादलीत ओतायला लागला. हे आम्ही फक्त दुकान चार दिवस बंद ठेवायचं असेल तेव्हाच करतो. निम्मी टाकी रिकामी झाल्यावर तो थांबला. जावयाकडे वळला.

"काढा तो शर्ट."

जावई घाबरला. "याला इस्त्री लागत नाही," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

"ते मला माहीत आहे. काढा."

जावई बनियनवर उभा राहिला आणि दादाने उरलेल्या वाफेवर त्या बिनइस्त्रीच्या शर्टाला इस्त्री केली. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, घाई नाही. डाव्या हाताने कापड पुढे सारत, उजव्याने मागून येत. हे जर शेवटचं असेल, तर असं चालेल, असा काहीसा त्याचा चेहरा होता. चिंगी हँगरच्या रांगेकडे तोंड करून उभी राहिली. वहिनीचा हात अजून कोटाच्या बाहीत होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते नवऱ्यासाठी. तिला दुसरं काही सुचलंच नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही पाचही जण. जावई गाडी लावायला गेला. मी रिपोर्टांची फाईल सांभाळते म्हणून मला आत घेतलं. वहिनी बाहेर बाकावर सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली. कुणीतरी पिशव्या धरायला हव्यात, असं तीच म्हणाली.

डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दादाच्या छातीला तारा लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली, ती बघितली, नळीने ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, सगळं चांगलं आहे, गेल्या वेळेपेक्षा चांगलं. चिंगीने तिचा फोन पुढे केला. डॉक्टरबाई बोटाने वर-खाली करत बराच वेळ बघत राहिल्या.

"हे सगळे इशारे दुपारचे आहेत," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणते मी," चिंगी म्हणाली. "मला वाटायचं, दुपारी शांत बसतात, पण काल बघितलं, ते टेबलाशीच असतात. गरम वाफेत उभं राहून इस्त्री करतात."

"उभं राहून?"

"हो."

डॉक्टरबाईंनी फोन टेबलावर ठेवला. म्हणाल्या, हा पट्टा ठोक्यांची लय हात स्वस्थ असतानाच तपासतो. हात हलत असला की त्याला नीट कळत नाही, म्हणून तो थांबतो. "आणि दुपारभर हा हात जवळजवळ स्वस्थच आहे. इस्त्री करणाऱ्याचा हात असा नसतो." मग त्या दादाकडे वळल्या. "तुम्ही दुपारी झोपता का?"

माझी नजर दादावर होती. हो म्हणाला असता तर गोष्ट तिथे संपली असती. लेकीपुढे लाज राहिली असती, टेबल गेलं असतं. नाही म्हणाला तर लबाडी उघडी पडणार. एवढा हिशेब मी मांडला. त्याने मांडला नाही. तो खुर्चीत अर्धवट वळला होता आणि दाराच्या काचेतून बाहेर बघत होता. बाहेर बाकावर वहिनी बसली होती, मांडीवर पिशव्यांचा डोंगर, आणि त्यावर तिचा डावा हात, स्वस्थ.

"तो हात माझा नाही, डॉक्टर," दादा म्हणाला. "तो बाहेर बसलाय."

मला वाटलं होतं, चिंगी आता बापाला फाडून खाणार. ती उठली आणि बाहेर धावली. वहिनीला आत आणलं तेव्हा ती सगळ्या पिशव्यांसकट आली आणि म्हणत होती, माझं काय, यांचं बघा आधी. डॉक्टरबाईंनी तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलंही नाही. मग तिला तपासणीच्या पलंगावर झोपायला सांगितलं. वहिनीने झोपायच्या आधी पलंगावरची चादर हाताने नीट ओढली. चादर वाईट दाबलेली होती, ते मलाही दिसलं.

पट्टी निघाली. ठोके कुठे जवळ, कुठे लांब, नवशिक्याने घातलेल्या टाक्यांसारखे. डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. अशा हृदयात रक्त साचून त्याची गाठ होऊ शकते. ती गाठ मेंदूकडे गेली की हात जातो, पाय जातो, वाचा जाते. पुष्कळ लोक तेव्हाच आमच्याकडे येतात. तुम्ही आधी आलात. गोळ्या चालू करू, रक्त पातळ ठेवू, ठोके आवरता येतील.

वहिनी पडल्या पडल्याच म्हणाली, "जिन्यात मला थांबावं लागायचं, ते यामुळे का?"

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"मला वाटलं, वय झालं की जिना उंच होत असेल," ती म्हणाली.

परतताना सगळ्या पिशव्या दादाच्या हातात होत्या. जावयाने एक मागितली, ती त्याने दिली नाही. वहिनी मोकळ्या हातांनी पुढे चालत होती आणि मोकळ्या हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने ते मागे बांधले होते, शाळेतल्या मुलीसारखे.

घरी आल्यावर चिंगी दादासमोर बसली.

"बाबा, तुम्ही मला फसवलंत."

"हो."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. पहिले दोन दिवस प्रामाणिक होतो."

तिला हसू आलं, मग तोंड वेडंवाकडं झालं आणि मग तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. "पट्टा घेताना मी एकच घेतला," ती म्हणाली. "आईचं माप घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुम्ही प्रामाणिक राहिला असतात तर?"

मी माझ्या जन्मात नाना तऱ्हेच्या नोंदी केल्या, पण बापाने लेकीला फसवलं आणि त्यात आई वाचली, ही रक्कम कोणत्या बाजूला लिहायची हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दादा मात्र त्या दिवशी त्याच्या खुर्चीत जरा मागे सरकून बसला होता. लाजही होती आणि आनंदही होता, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हते. मग त्याने जाऊन स्वतः चहा केला. तो फार वाईट झाला. आम्ही सगळ्यांनी तो संपवला.

आता दुकानात दोन पट्टे आहेत. चिंगीने दुसरा पाठवला तो आईसाठी, पण वहिनीने नवा दादाला दिला आणि जुना स्वतः ठेवला. त्याला माझी सवय आहे, असं तिचं म्हणणं. माहिती बदलावी लागली. वजनाच्या वेळी या खेपेला दादाने दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, पण त्याला ते येईना, कारण त्याला ते माहीतच नव्हतं. तो गुपचूप शेजारून वजनकाटा घेऊन आला. दुपारी दादाचा पट्टा खिळ्याला असतो आणि चिंगीला ते माहीत असतं. डॉक्टरबाईंनी त्याला टेबलाची परवानगी दिली आहे, मधे मधे बसायच्या अटीवर. गच्चीवर किल्लीवाल्याने एक कप्पी बसवून दिली. ओल्या कपड्यांचा गठ्ठा आता दोरीने वर जातो, दादा खालून ओढतो. वहिनी मोकळीच जिना चढते. वळणावर अजून थांबते. दम लागत नाही, सवयीने थांबते. आणि परवा जावई आला तो चार सुती शर्ट घेऊन, सगळे चुरगळलेले. काही बोलला नाही, गल्ल्यावर ठेवले. दादाने ते उलटे करून बघितले, डाग शोधले, आणि डाग नाहीत म्हटल्यावर नाक ओढत टेबलाकडे गेला.

वहिनीचं एकच राहिलं होतं. तिला आभार मानायचे होते. कुणाचे, तर ज्यांनी पट्टा केला त्यांचे. चिंगीने सांगितलं, आई, खोक्यावर नंबर असतो तो तक्रारीचा. आभाराचा नंबर कुठल्याच कंपनीत नसतो. मी इतकी वर्षं फोन घेते, आभार मानायला आजवर कुणी फोन केलेला नाही. वहिनी म्हणाली, मग तर करायलाच हवा.

तिने काल दुपारी केला. दोन्ही हात टॅगमध्ये होते म्हणून फोन गल्ल्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीचा आवाज आला, अगदी चिंगीसारखा गोड आणि दमलेला. आपली काय तक्रार आहे?

"तक्रार नाही, बाळा. आभार मानायचेत."

पलीकडून विचारलं, वस्तूत काही बिघाड आहे का?

"वस्तू चांगली आहे. मी बिघडले होते."

मग वहिनीने सगळं सांगितलं. खिळा, कोटाची बाही, बाकावरच्या पिशव्या, जिना, काही सोडलं नाही. मुलीने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, आमच्याकडे यासाठी रकाना नाही, मी 'इतर' मध्ये लिहिते. वहिनी म्हणाली, कुठेही लिही, पण लिही. ज्या माणसाने तो हिरवा दिवा बसवला त्याच्यापर्यंत पोचू दे. मुलगी म्हणाली, बघते. आणि फोन ठेवायची वेळ आली तरी तिने ठेवला नाही.

"तुम्ही जिन्यात थांबायचात," ती जरा हळू म्हणाली, "तेव्हा घरच्यांना काय सांगायचात?"

"टॅग बघतेय, असं."

"माझी आई म्हणते, कुंडीतलं रोप बघतेय."

वहिनीने सुई कापडात खोचली. फोन उचलला, मोठा आवाज बंद केला, कानाला लावला आणि स्टूल भिंतीकडे फिरवून बसली. गल्ल्यावर एक गिऱ्हाईक पावती पुढे करून उभं होतं. मी कधी कपडे काढून द्यायला उठत नाही, गुडघे माझे ते. काल उठले.

टेबलावरून दादाने वाफेतून मान वर काढली. "कुणाचा फोन? कसली तक्रार आहे?"

"तक्रार नाही," मी म्हटलं. "तू तुझा कोट बघ."